चौकटीतला कोरा कागद

१

चौकट भिंतीवर होती. काच शाबूत होती. आत मात्र कोरा कागद होता.

फेब्रुवारी १९९६मधला तो शुक्रवार. सकाळी साडेनऊला बोईसरच्या वाचनालयाचा जिना चढून मी वरच्या सभागृहात गेले, ते त्या चौकटीतली एक तारीख ताडून घ्यायला. रविवारी बोईसर वक्तृत्व मंडळाचा रौप्यमहोत्सव होता आणि मंडळाचा पंचवीस वर्षांचा इतिहास वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी प्रेमला चुरी. पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर असली कामं आपोआप अंगावर येतात.

त्या चौकटीत काय होतं, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. १९७४च्या स्पर्धेत विषय होता ‘पाणी’. रामनाथ वर्तक तेव्हा तरुण होते. त्यांनी आरंभी विषयाचं नाव घेतलं आणि मग पाच मिनिटं पाण्यावर बोलताना ‘पाणी’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. लोक उभे राहिले. ढाल त्यांना मिळाली. ते भाषण त्यांनी स्वतःच्या अक्षरात एका मोठ्या कागदावर उतरवलं आणि मंडळाने ते भिंतीवर लावलं. आता रामनाथराव एका रंगाच्या कारखान्यात मॅनेजर होते आणि दहा वर्षं मंडळाचे अध्यक्ष. रविवारी ते तेच भाषण पुन्हा करणार होते. त्यानंतर पाहुणे जाहीर करणार होते, की या सभागृहाला यापुढे रामनाथ वर्तकांचं नाव दिलं जाईल.

मी वाचनालयातून त्यांना फोन लावला. ते पंधरा मिनिटांत आले, चौकटीसमोर उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

“ठमी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

ठमी सभागृह झाडायची. किल्ली तिच्याकडे असायची. ती केरसुणी हातात घेऊन दाराशीच उभी होती.

“साहेब, मना वाचता येत नाय,” ती म्हणाली. “मी कागद घेऊन काय करू?”

“कोणी सांगितलं असेल तुला. किल्ली तुझ्याकडे, चोरी तुझ्या वेळेत. रविवारी दुपारपर्यंत कागद आला नाही, तर पोलिसांत तुझं नाव देणार.”

“रामनाथराव, रविवारपर्यंत मला बघू द्या,” मी मध्ये पडले. “आणि दुसरी प्रत असेलच ना?”

“नाही. मी ते कधी छापू दिलं नाही. लोक उचलतात.”

“मग आठवून लिहून काढा. दोन दिवस आहेत. भाषण तुमचंच आहे.”

रामनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. “कारखान्यात काम आहे,” एवढंच म्हणून ते जिना उतरले.

२

ते गेल्यावर मी चौकट खाली घेतली आणि टेबलावर पालथी घातली.

मागच्या पुठ्ठ्याचे बारीक खिळे जुन्याच भोकांत परत बसवले होते. कडेची कागदी पट्टी नवी होती आणि भाताच्या खळीने नीट चिकटवली होती. कोरा कागद चौकटीच्या मापाने कापलेला होता, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. हे काम घाईघाईत, भिंतीपाशी उभ्याने झालेलं नव्हतं. कोणीतरी निवांत बसून, मन लावून केलं होतं.

“ठमे, ही तसबीर भिंतीवरून कधी उतरली होती?”

ती खाली बसली होती. वर न बघता म्हणाली, “चुना मारला ना याच हप्त्यात. तवा सगळ्याच उतरवल्या. समोर माईंच्या घरी ठेवल्या. आयतवार ते बुधवार तितंच होत्या. बुधवारी सांजच्याला, लाईट गेली होती तवा, अंधारातच परत लावल्या.”

“हे साहेबांना का नाही सांगितलंस?”

“मना कोन इचारतो? साहेब बोलले, मी ऐकला.”

“माईंच्या घरी त्या दिवसांत कोण कोण आलं?”

“रामकिसनभाऊनी तसबिरी उचलून नेल्या. वर्तकबाई काचा पुसायला येत होत्या. मी होती. आनखी कोन नाय.” मग तिने केरसुणी बाजूला ठेवली. “ताई, माझी नवसी हाय ना, तिचा लगीन ठरलाय चैतात. आमच्या पाड्यावर पोलिसाची गाडी आली तर ती मानसा सोयरीक मोडतील. मग मी काय करू?”

मी तिला काही कबूल केलं नाही. उगाच धीर द्यायची मला सवय नाही. पण मनात हिशेब मांडला. चार दिवस ती चौकट एका घरात होती आणि तिथे हात लावणारी माणसं चारच होती. त्यांतली दोघं तरी रामनाथरावांचं नाव काढलं की दात खायची.

३

माई म्हणजे तात्या राऊतांची विधवा. हे मंडळ १९७१ साली तात्यांनी काढलं. एमआयडीसीत नुकते कारखाने येत होते आणि आपल्या मुलांना मुलाखतीत धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, हे त्यांना सलायचं. दर दुसऱ्या शनिवारी ते मुलांना उभं करायचे. ते वारले १९८३ साली. सभागृहाला आजपर्यंत त्यांचंच नाव होतं.

माई ओटीवर वाल सोलत होत्या. मी कशाला आले, ते त्यांनी ओळखलं होतं.

“मी नाय घेतला,” त्या म्हणाल्या. “घेतला असता तर चुलीत घातला असता. त्याच्या जागी कोरा कागद लावायचे कष्ट कोन घेतो?”

“राग आहे ना तुम्हाला?”

“हाय. माज्या मानसाचा नाव पुसून सोताचा लावतो, आनि मी रागावू नको? रविवारी मी पयल्या रांगेत बसनार हाय. त्याच्या तोंडाकडे बघत बसनार. पन चोरी नाय केली.”

“तसबिरी कुठे ठेवल्या होत्या?”

“मागच्या खोलीत. मी गुडघ्यामुळे तिकडे जात नाय. जयवंती तीन दिवस येऊन पुसत होती.” माईंनी शेंग बाजूला ठेवली. “मना नवल वाटला. तात्या गेले तवा सगळा बोईसर आला होता, फक्त तीच नव्हती आली. बारा-तेरा वर्सांनी आली, आनि तीन दिवस खालमानेने काम करत बसली. गुनी बाई हाय, पन तोंडातून शब्द नाय.”

रामकिसन सालवडला राहायचा. कारखान्यात फिटर. मंडळात हिंदीतून बोलणारा तो एकटाच आणि स्पर्धेत वेळेची घंटा वाजवायचं कामही त्याचंच. रौप्यमहोत्सवात त्याचं पाच मिनिटांचं भाषण ठरलं होतं. ते रामनाथरावांनी ऐन वेळी कार्यक्रमातून काढलं.

पाळी संपवून तो कारखान्याच्या फाटकाबाहेर आला, तेव्हा मी त्याला सरळच विचारलं.

“दीदी, मैं गुस्से में हूँ, ये सच है,” तो म्हणाला. “लेकिन मैं करता तो सबके सामने करता. उनका भाषण चालू होता, और मैं एक मिनट पहले घंटी बजा देता. काग़ज़ चुराने से मुझे क्या मिलेगा?”

“मग कोणाला काय मिळेल, रामकिसन?”

“वो काग़ज़ बेचने की चीज़ तो है नहीं. पढ़ने की चीज़ है. जिसको साहब का पढ़ना रोकना है, उसी ने लिया होगा.”

या वाक्याने माझ्या विचाराची दिशा बदलली. इतका वेळ मी विचारत होते, तो कागद कोणाला हवा आहे. खरा प्रश्न होता, तो कागद रामनाथरावांच्या हातात नको कोणाला. आणि त्याच्याही मागे आणखी एक प्रश्न होता. स्वतः लिहिलेलं भाषण माणसाला कागदाशिवाय करता येणार नाही, अशी खात्री चोराला कुठून आली?

४

शुक्रवारी संध्याकाळी पाचला मी वर्तकांच्या बंगल्यावर गेले. रामनाथराव टेबलाशी बसले होते. समोर कागद, हातात पेन. कागदावर जेमतेम तीन ओळी.

जयवंतीबाई आतून आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, सडपातळ, इस्त्रीच्या साडीतल्या. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्या दुसऱ्या रांगेत बसायच्या. त्यांना बोलताना मी फारसं कधी ऐकलं नव्हतं.

“चुरीबाई, बसा. चहा करू, की गार काही देऊ?”

“चहा चालेल. काचा तुम्ही पुसल्यात ना माईंकडे?”

“हो. सगळ्याच. बुधवारी सकाळी मी तालुक्याला गेले होते, बहिणीकडे. त्याआधी तीन दिवस होते तिथे.”

“ही चौकट पुसताना आत काही वेगळं दिसलं?”

“मी काच पु…” त्यांनी शब्द अर्धाच सोडला आणि पदराचं टोक हातात घेतलं. “काचेवरची धूळ काढली. आत नजर गेली नाही.”

“हिला काय विचारता,” रामनाथराव म्हणाले. “हिला त्यातलं काही कळत नाही.”

मी त्यांच्याकडे वळले. “आठवतंय का भाषण?”

“सुरुवात आठवते. ‘ते आभाळातून उतरतं तेव्हा त्याला कोणी मालक नसतो. डोंगरात ते ओहोळ होतं…’ मग विहिरीचं काहीतरी.” बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. पुढची ओळ तिथे टांगून ठेवल्यासारखी. “बावीस वर्षं झाली हो. एखादा शब्द चुकला तर सगळी मजा जाईल.”

“मी तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला १९७४ची इतिवृत्ताची वही दिली होती. तात्यांनी त्यात भाषणातल्या काही ओळी उतरवल्या आहेत. त्या उपयोगी पडतील.”

“वही? ती कुठे बघितली मी. वेळच झाला नाही. हिनेच परत आणून दिली ना तुम्हाला?”

वही जयवंतीबाईंनीच आणून दिली होती. त्या आता चहाचा कप माझ्यापुढे ठेवत होत्या.

“चुरीबाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ठमीला खाकीवाले खरंच नेतील का?”

“साहेब म्हणतात तसं झालं तर नेतील.”

त्यांच्या बोटांनी बशीची कड घट्ट धरली. मग त्या आत गेल्या.

रिक्षात बसल्यावर काहीतरी कानाला टोचत राहिलं. सव्वीस वर्षं मी माणसांचे चेहरे न बघता नुसते आवाज ऐकले आहेत. लाइनवर एखादा आवाज गळला की मला कळतं. त्या घरात मी जे ऐकलं, ते मला खटकत नव्हतं. जे ऐकू यायला हवं होतं आणि आलं नाही, ते खटकत होतं. काय, ते मात्र सापडेना.

५

शनिवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून मी १९७४ची वही पुन्हा काढली. इतिहासासाठी मी त्यातला फक्त निकाल आणि भाषणाच्या ओळी घेतल्या होत्या. आता प्रत्येक पान वाचायचं ठरवलं.

एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी दुमडला नव्हता. रामनाथरावांनी वही उघडलीच नव्हती. त्या पानावर स्पर्धेच्या दोन दिवस आधीच्या सभेचा वृत्तांत होता.

‘नियम पाचवा: आजवर सूत्रसंचालक विषय सांगत असत. यापुढे प्रत्येक स्पर्धकाने आरंभी आपला विषय स्वतः, स्पष्ट शब्दांत उच्चारावा, अन्यथा भाषण ग्राह्य धरू नये. सूचक: रामनाथ वर्तक.’

पुढच्या पानावर स्पर्धा होती. सहा स्पर्धक. सहावे रामनाथ वर्तक, प्रथम क्रमांक. त्यांच्या आधी पाचवं नाव.

‘कु. जयवंती सावे, वाणगाव. नाव पुकारले. व्यासपीठावर आल्या. विषय न उच्चारता परतल्या.’

रामनाथरावांची बायको वाणगावची सावे, हे मला माहीत होतं. ती कधी या व्यासपीठावर चढली होती, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

खाली तात्यांनी भाषणातल्या ओळी दिल्या होत्या.

‘ते आभाळातून उतरतं तेव्हा त्याला कोणी मालक नसतो. डोंगरात ते ओहोळ होतं, वाडीत विहीर होतं, खाडीत उतरलं की मीठ होतं. त्याच्यासाठी आई कोसभर चालते, हंडा उतरवते आणि म्हणते, आज जड नव्हता. मात्र तिच्या मानेला विचारा, ती खोटं बोलत नाही.’

मी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. ‘पाणी’ नव्हतंच. पण ‘पाऊस’ही नव्हता. ‘पण’ नव्हतं, त्याच्या जागी ‘मात्र’. आई पायपीट करत नव्हती, चालत होती. एवढ्या ओळींत एकही शब्द प या अक्षराने सुरू होत नव्हता. एक शब्द चुकवणं ही कला म्हणता येईल. एक अक्षरच चुकवणं ही कला नसते. ती अडचण असते.

आणि मग काल काय ऐकू आलं नव्हतं, ते मला सापडलं. सगळं बोईसर मला प्रेमलाताई म्हणतं. जयवंतीबाई म्हणतात चुरीबाई. पालघरला त्या म्हणाल्या तालुका. पोलिसांना खाकीवाले. चहा की पाणी विचारायच्या जागी गार काही. आणि ‘पुसली’ म्हणताना जीभ अडकली, तेव्हा वाक्यच बदललं.

रामनाथराव मात्र प सहज उच्चारतात. ते भाषण त्यांचं असतं, तर त्यांना पाऊस टाळायचं काही कारण नव्हतं.

दुपारी ते कारखान्यात असताना मी बंगल्यावर गेले. जयवंतीबाई एकट्या होत्या. मी स्वयंपाकघरातल्या माठातून पेला भरून घेतला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

“हे काय आहे, ते सांगाल?”

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. ओठ मिटले, ते मिटलेच राहिले. गळ्याची शीर ताठ झाली. हनुवटी थरथरायला लागली. मला ते बघवेना, आणि मी हे का केलं म्हणून माझाच मला राग आला. मी पेला उचलून बाजूला ठेवला.

“माफ करा,” मी म्हणाले. “मला खात्री करून घ्यायची होती.”

पेल्याच्या ओल्या गोलावर त्यांनी बोट टेकवलं.

“तात्यांनी मला वळसा घालायला शिकवलं,” त्या म्हणाल्या. “एखादा शब्द अडला तर दुसऱ्या वाटेने जा म्हणायचे. ते भाषण मी वीस दिवस लिहीत होते. सगळ्या अवघड शब्दांना वळसा घातला. विषयाचं नाव सूत्रसंचालक सांगणार होते, त्यामुळे तेवढं सुटलं होतं. हे मी फक्त यांना सांगितलं होतं. आमचा साखरपुडा झाला होता.”

“आणि दोन दिवसांनी नियम आला.”

“हो. मी वर गेले. तो एक शब्द मला म्हणता आला नाही. लोक आधी गप्प होते, नंतर हसले. खाली येऊन रडत होते, तेव्हा हे म्हणाले, इतकं चांगलं भाषण वाया कशाला घालवतेस, मी बोलतो, आता आपण दोघं एकच ना. मी स्वतःच्या हाताने कागद दिला.”

“नियम त्यांनी मांडला, हे माहीत होतं?”

“नाही. मला वाटायचं, तात्यांनी केला. बावीस वर्षं मी तात्यांवर राग धरला. ते गेले तेव्हा माईंच्या दारातही गेले नाही. मग तुम्ही ती वही आणलीत. यांनी टेबलावर टाकली. मी सहज चाळली. त्या दिवसानंतर या घरात मी काय शिजवलं, काय वाढलं, मला आठवत नाही.”

“म्हणून माईंकडे गेलात.”

“आधी त्यांची क्षमा मागायला गेले होते. तोंडातून निघालं नाही. मागच्या खोलीत चौकट दिसली, तेव्हा सुचलं. दुसऱ्या दिवशी चाकू, खळ, सगळं घेऊन गेले.”

“कोरा कागद कशासाठी?”

“त्यांनी स्वतः लिहिलेलं तेवढंच आहे.”

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

“मी जशी उभी होते, तसं त्यांना उभं राहिलेलं मला बघायचंय. त्याच ठिकाणी, तेवढ्याच लोकांसमोर. आणखी काही नको.”

“आणि ठमी? तुमच्या सूडात तिच्या मुलीचं लग्न मोडलं असतं.”

“तिचं नाव ते घेतील असं वाटलं नव्हतं.”

“वाटायला हवं होतं. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता.”

त्यांनी उठून डाळीच्या डब्यातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “न्या. यांना द्या. ठमीला सोडवा. माझं होईल ते होईल.”

मी कागद हातात घेतला. आता तो रामनाथरावांना दिला की सगळं मिटणार होतं. उद्या ते भाषण करतील, लोक उभे राहतील, तात्यांचं नाव भिंतीवरून उतरेल. दोन दिवस आधी केलेला तो नियम माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. एखाद्या मुलीला नेमकी कुठे ठेच लागते, ते तिच्याच तोंडून ऐकायचं आणि नेमका तिथे दगड ठेवायचा.

मी कागद त्यांना परत दिला.

“ठमीचं मी बघते,” मी म्हणाले. “एक कोरा कागद आणि पेन घ्या, मी सांगते ते लिहा. आणि उद्या मी तुमचं नाव वाचलं तर चालेल का?”

“वाचा,” जयवंतीबाई म्हणाल्या. “सगळं वाचा.”

६

शनिवारी संध्याकाळी मी रामनाथरावांना सांगितलं, “चोर सापडला. ठमीचा काही संबंध नाही. उद्या तुमच्या हातात मी व्यासपीठावरच पाकीट देईन. त्याआधी ठमीबद्दल चार लोकांसमोर स्पष्ट बोला. नाहीतर पाकीट मिळणार नाही.”

“चोर कोण?”

“तेही उद्याच कळेल.”

ते चिडले. मात्र त्यांना दुसरा रस्ता नव्हता.

रविवारी चार वाजता सभागृह भरलं. वाणगावपासून दातिवऱ्यापर्यंतची जुनी मंडळी आली होती. पहिल्या रांगेत माई. दुसऱ्या रांगेत जयवंतीबाई. रामकिसन घंटा घेऊन टेबलाशी. ठमी दाराशी उभी होती. मी तिला हाताला धरून आत आणली आणि खुर्चीवर बसवली.

रामनाथराव उठले. ठमीवर घेतलेला संशय चुकीचा होता, तिची मी माफी मागतो, असं त्यांनी म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. ते वक्ते होतेच. ठमीने मान वर केली नाही, पण तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पाकीट दिलं.

ते ध्वनिक्षेपकासमोर गेले. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि वाचला. त्यावर नियम पाचवा होता, सूचकाच्या नावासकट. अक्षर त्यांच्या बायकोचं होतं.

टाळ्या थांबल्या. रामनाथरावांनी कागद खाली ठेवला.

“ते आभाळातून उतरतं,” ते म्हणाले, “तेव्हा त्याला कोणी मालक नसतो. डोंगरात ते ओहोळ होतं.”

पुढे काही आलं नाही. त्यांनी घसा खाकरला. पहिली ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा ओहोळापाशी थांबले. मागून कोणीतरी खोकलं. कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं. रामनाथरावांनी दुसऱ्या रांगेत बघितलं. जयवंतीबाई हात मांडीवर ठेवून सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी पापणी हलवली नाही. एक वाक्य त्यांनी ओठांनी नुसतं सुचवलं असतं, तरी तो माणूस तरला असता.

वेळ संपल्याची घंटा रामकिसनने अगदी वेळेवर वाजवली. एक सेकंद आधी नाही.

रामनाथराव खाली उतरले आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले.

त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव होतं. मी वही उघडली आणि १९७४ची ती दोन पानं जशीच्या तशी वाचली. आधी नियम आणि सूचक. मग सहा नावं, पाचव्या नावापुढची नोंद, सहाव्या नावापुढचा निकाल. मग तात्यांनी उतरवलेल्या ओळी. शेवटी एवढंच म्हटलं, की यात प या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द नाही. वही इथे टेबलावर ठेवते, ज्याला मोजायचं असेल त्याने मोजावं.

कोणी मोजायला आलं नाही. पहिल्या रांगेत माईंनी हळूहळू मान मागे वळवली. मग त्यांच्या शेजारच्यांनी. मग सगळ्या सभागृहाने दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईकडे पाहिलं. पाहुण्यांनी खिशातून काढलेली जाहीर करायची चिठ्ठी पुन्हा खिशात घातली.

माणसं पांगल्यावर माई काठी टेकत जयवंतीबाईंजवळ गेल्या. “तीन दिवस घरात होतीस,” त्या म्हणाल्या. “मना एक शब्द बोलायचा होतास.” जयवंतीबाईंनी वाकून त्यांच्या पावलांना हात लावला. माईंनी तो हात बराच वेळ धरून ठेवला.

मी जयवंतीबाईंबरोबर जिना उतरले. खाली रिक्षात रामनाथराव एका कोपऱ्यात बसले होते. ते कोणाची तरी वाट बघत होते, किंवा कुठे जायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

“वाणगावला माहेरी, भावाकडे जाणार असाल तर मी सोडते,” मी म्हणाले.

“कशाला? मी घरीच जाणार.”

“त्यांच्याबरोबर?”

“बावीस वर्षं ते बोलत होते आणि मी ऐकत होते,” जयवंतीबाई म्हणाल्या. “आता घरात आम्ही दोघंच. बघू, आधी कोण तोंड उघडतं.”

त्या जाऊन रिक्षात बसल्या. रामनाथराव सरकले. जागा भरपूर होती, तरी ते अगदी दांड्याला टेकेपर्यंत सरकले.